पुराण आणि संग्राम : 'ख्रिस्तपुराण' व 'योगसंग्राम' यांतील ख्रिस्ती आणि मुस्लीम श्रद्धांचा तुलनात्मक विचार

१. प्रस्तावना

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सतराव्या शतकाचा विचार करताना दोन ग्रंथांचा निर्देश आवर्जून केला जातो. पहिला ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' (इ.स. १६१६) आणि दुसरा म्हणजे शेख महंमद यांचा 'योगसंग्राम' (शके १५६७, इ.स. १६४५). दोहोंच्या रचनाकाळात तीस वर्षांचेही अंतर नाही. दोन्ही ग्रंथ ओवीबद्ध आहेत आणि दोन्ही मराठी संतपरंपरेच्या भाषेत बोलतात. पहिल्याचा कर्ता येशूसंघाचा धर्मगुरू आहे, तर दुसऱ्याचा कर्ता मुसलमान कुळात जन्मलेला सूफी संत आहे. असे असूनही हे ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न क्वचितच झालेला दिसतो.

अभ्यासक्रमांत आणि वाङ्मयेतिहासांत या ग्रंथांची ओळख बहुधा दोन ठरावीक विशेषणांनी करून दिली जाते. स्टीफन्स हा मराठीची स्तुती करणारा परभाषक कवी ठरतो, तर शेख महंमद हा हिंदू-मुस्लीम समन्वयाचा कवी ठरतो. ही विशेषणे चुकीची नाहीत, परंतु ती अपुरी आहेत. पहिल्या विशेषणात ग्रंथाची भाषा उरते आणि श्रद्धा गळून पडते. दुसऱ्यात सद्भावना उरते, पण त्या सद्भावनेमागे कोणती श्रद्धा उभी होती, हा प्रश्न विचारलाच जात नाही. सांगली-मिरज-कुपवाड परिसरातील महाविद्यालयांत हिंदू, मुस्लीम आणि ख्रिस्ती विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. त्यांच्यापैकी ज्यांची ही श्रद्धा आहे, त्यांच्या वाट्याला अशा अध्यापनातून स्वतःच्या धर्माविषयी केवळ एक गोड शब्द येतो, आणि इतरांच्या वाट्याला तेवढेही ज्ञान येत नाही. म्हणून हा प्रश्न वाङ्मयाचा आहे तसाच तो शिक्षणाचाही आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या दोन ग्रंथांतील रूपाचा भेद हा मुळात श्रद्धेचा भेद आहे. ईश्वर माणसाच्या इतिहासात देह धारण करून आला, अशी ख्रिस्ती श्रद्धा असल्यामुळे स्टीफन्सला चरित्रकथनाची, म्हणजे पुराणाची गरज पडली. ईश्वर कोणत्याही देहात येत नाही आणि त्याच्यासारखे काहीही नाही, अशी इस्लामी श्रद्धा पाठीशी असलेल्या शेख महंमदला ईश्वराचे चरित्र सांगणे शक्यच नव्हते. त्याने कथेचा विषय माणूस केला आणि माणसाच्या अंतरंगातील झुंज मांडली. या विधानाची तपासणी करणे हा लेखाचा हेतू आहे. कोणत्या धर्माची श्रद्धा खरी, हा प्रश्न येथे अभिप्रेत नाही.

२. दोन कर्ते आणि त्यांचा परिवेश

थॉमस स्टीफन्स हा मूळचा इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील. इ.स. १५७९च्या ऑक्टोबरमध्ये तो गोव्यात पोचला आणि त्याचे पुढील आयुष्य मुख्यत्वे साष्टी प्रांतात गेले. इ.स. १६१९मध्ये त्याचा मृत्यू झाला. 'ख्रिस्तपुराण' इ.स. १६१६मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सतराव्या शतकातच त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांच्या प्रती मात्र आज उपलब्ध नाहीत. इ.स. १९०७मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथून हस्तलिखितांच्या आधारे केलेली आवृत्ती, इ.स. १९५६मधील शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आणि त्यानंतर फादर कारिदाद द्रागो यांनी सिद्ध केलेली आवृत्ती यांमुळे हा ग्रंथ मराठी अभ्यासकांच्या हाती आला.

शेख महंमद हे श्रीगोंद्याचे, म्हणजे जुन्या चांभारगोंद्याचे. परंपरेनुसार चांद बोधले हे त्यांचे गुरू होत. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचा संबंधही परंपरा याच चांद बोधल्यांशी जोडते. मालोजी भोसल्यांनी त्यांना आश्रय दिल्याचेही परंपरा सांगते. 'योगसंग्राम' हा अठरा प्रसंगांचा ग्रंथ त्यांची प्रमुख रचना होय. 'पवनविजय' आणि 'निष्कलंक प्रबोध' हे ग्रंथही त्यांच्या नावावर आहेत. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या ग्रंथात या परंपरेचा सविस्तर परामर्श घेतला आहे.

दोघांच्या परिवेशातील एक फरक आरंभीच नोंदविला पाहिजे. स्टीफन्सच्या पाठीशी राज्यसत्ता होती. गोव्यात इ.स. १५६०पासून इन्क्विझिशनचा अंमल सुरू झाला होता, साष्टीतील देवळे पाडली गेली होती आणि जुन्या धर्मग्रंथांच्या वाचनावर बंदी होती. शेख महंमदच्या पाठीशी असे काही नव्हते. त्यांच्या प्रदेशातील सत्ता दीर्घकाळ मुसलमान सुलतानांची असली, तरी त्यांचे लेखन कोणत्याही धर्मसंस्थेच्या आज्ञेने झालेले नाही. या फरकाचा परिणाम दोन्ही ग्रंथांच्या स्वरावर झालेला आहे. त्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

३. श्रद्धांची तुलना : साम्य कोठे संपते?

ख्रिस्ती आणि इस्लामी श्रद्धांत वरवर दिसते त्याहून अधिक साम्य आहे. एकच निर्माता ईश्वर, देवदूत, अब्राहम (इब्राहिम) आणि मोशे (मूसा) यांची परंपरा, मृतांचे पुनरुत्थान आणि अंतिम न्यायाचा दिवस या गोष्टी दोन्ही धर्मांना मान्य आहेत. एवढेच नव्हे, तर येशू आणि त्याची माता मरिया यांच्याविषयीचा आदरही समान आहे. कुरआनची एकोणिसावी सूरा मरियमच्या नावाची आहे आणि संपूर्ण कुरआनात नावाने उल्लेखिलेली स्त्री ती एकटीच. कुमारी मातेच्या उदरी झालेला जन्म, रोग्यांना बरे करण्याचे चमत्कार आणि 'मसीह' ही पदवी या तिन्ही गोष्टी कुरआनने ईसा यांच्याविषयी मान्य केल्या आहेत.

भेद येथून पुढे सुरू होतो आणि तो चार ठिकाणी स्पष्ट दिसतो.

पहिला भेद देहधारणेचा आहे. इ.स. ३२५मधील निकाया आणि इ.स. ४५१मधील खाल्सेदोन येथील धर्मपरिषदांनी ख्रिस्ती श्रद्धेला निश्चित शब्द दिले. येशू हा पित्याशी एकतत्त्व असलेला पुत्र असून तो पूर्ण ईश्वर आणि पूर्ण मनुष्य आहे, असा त्यांचा आशय आहे. इस्लामला हे मान्य नाही. कुरआनची एकशे बारावी सूरा केवळ चार आयतींची आहे. ईश्वर एक आहे, तो कोणाला जन्म देत नाही आणि कोणापासून जन्मत नाही, हा तिचा आशय होय. ईसा हे थोर प्रेषित आहेत, पण ते ईश्वराचे दास आहेत.

दुसरा भेद क्रुसाचा आहे. ख्रिस्ती श्रद्धेचे केंद्रच येशूचा क्रुसावरील मृत्यू आणि त्यानंतरचे पुनरुत्थान हे आहे. कुरआनच्या चौथ्या सूरेतील १५७वी आयत येशूला क्रुसावर मारले गेल्याचे नाकारते.

तिसरा भेद आदामाच्या अपराधाविषयी आहे. ख्रिस्ती मतानुसार आदामाच्या पतनाचा वारसा सर्व मनुष्यजातीला मिळाला आणि त्यातून सोडविण्यासाठी तारणाऱ्याची आवश्यकता निर्माण झाली. कुरआननुसार आदामाने पश्चात्ताप केला आणि ईश्वराने तो स्वीकारला. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहत नाही. म्हणून वारशाने आलेले पाप नाही आणि ते फेडणारा मध्यस्थही नाही.

चौथा भेद 'शब्दा'विषयी आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटावा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या प्रारंभी ईश्वराचा शब्द देहधारी झाल्याचे सांगितले आहे. इस्लाममध्ये ईश्वराचा शब्द ग्रंथाच्या रूपाने, अरबी भाषेत उतरला. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेत येशूचे जे स्थान आहे, त्याची खरी तुलना मुहंमद पैगंबरांशी न करता कुरआनशी करावी लागते. धर्मांच्या तौलनिक अभ्यासकांनी हे पूर्वीच दाखवून दिले आहे. एका धर्मात प्रकटीकरण ही व्यक्ती आहे आणि दुसऱ्यात ते वाणी आहे. व्यक्तीचे चरित्र सांगता येते. वाणीचे पठण करावे लागते, तिचा अर्थ सांगावा लागतो आणि ती आचरणात आणावी लागते.

४. एकाच संघाची दोन ख्रिस्तचरित्रे

हा भेद स्टीफन्सच्या काळातील भारतात केवळ ग्रंथांपुरता राहिलेला नव्हता. इ.स. १५८०मध्ये येशूसंघाचा रुदोल्फ आक्वाविवा हा धर्मगुरू फत्तेपूर सिक्री येथे अकबराच्या दरबारी गेला. तेथे मुसलमान विद्वानांशी त्याचे वादसंवाद झाले. इ.स. १५८३मध्ये तो गोव्यास परतला आणि साष्टीतील मिशनचे प्रमुखपद त्याच्याकडे आले. त्याच वर्षी जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे तो आपल्या सहकाऱ्यांसह मारला गेला. स्टीफन्स याच साष्टीत काम करीत होता. पुढे जेरोम झेवियर या येशूसंघीयाने इ.स. १६०२मध्ये अकबरासाठी 'मिरात-उल-कुद्स' हे येशूचे फार्सी चरित्र सिद्ध केले.

म्हणजे चौदा वर्षांच्या अंतराने एकाच धर्मसंघातील दोघांनी भारतातील दोन भाषांत येशूचे चरित्र लिहिले. वाचक मात्र भिन्न होते आणि त्यामुळे अडचणीही भिन्न होत्या. फार्सी जाणणाऱ्या मुसलमान वाचकाला येशूचा आदर शिकविण्याची गरज नव्हती. ईश्वर देह धारण करू शकतो, हे त्याला पटविणे कठीण होते. साष्टीतील नवख्रिस्ती वाचकाची गोष्ट उलट होती. ईश्वर जन्म घेतो, या कल्पनेचे त्याला मुळीच नवल नव्हते, कारण दशावतारांच्या कथा ऐकतच तो वाढला होता. त्याचा प्रश्न 'ईश्वर जन्म कसा घेईल?' असा नसून 'एकदाच का घेईल?' असा असणार. झेवियरला शक्यता सिद्ध करावयाची होती आणि स्टीफन्सला एकमेवता. 'ख्रिस्तपुराणा'च्या रचनेचा उलगडा या दृष्टीने अधिक चांगला होतो.

५. 'ख्रिस्तपुराण' : चरित्राची अपरिहार्यता

ग्रंथारंभी येणारी पार्श्वभूमी बोलकी आहे. साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण धर्मगुरूंना विनवितो की, आमच्या जुन्या पुराणांना तुम्ही मनाई केली आहे, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण द्यावे. या विनंतीत एका समाजाची सांस्कृतिक पोकळी व्यक्त झाली आहे. ज्या सत्तेने पुराणे काढून घेतली, त्याच सत्तेच्या धर्मगुरूने पुराण लिहावे, यातील विरोधाभास नजरेआड करून ग्रंथाचे मूल्यमापन करता येणार नाही.

सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्या पुराणात ५९ 'अवस्वर' म्हणजे अध्याय आहेत. पहिल्यात जुन्या कराराचा आणि दुसऱ्यात नव्या कराराचा विषय येतो. ही विभागणी बायबलच्या क्रमाला अनुसरते, पण तिचे कार्य क्रमापेक्षा अधिक आहे. सृष्टीची उत्पत्ती, आदामाचे पतन, वचने आणि संदेष्ट्यांची वाणी हे सर्व येणाऱ्या तारणाऱ्याची प्रतीक्षा म्हणून मांडले जाते. काळ वर्तुळासारखा फिरत नाही, तो एका घटनेकडे सरळ जातो. भारतीय पुराणांत युगे पुन्हा पुन्हा येतात आणि अवतारही पुन्हा येतात. स्टीफन्सने पुराणाचा साचा घेतला, परंतु त्यातील काळाची कल्पना बदलली. येशूच्या एकमेवतेसाठी त्याने स्वतंत्र युक्तिवाद केला तरी न केला तरी, ग्रंथाची रचनाच तो युक्तिवाद करीत राहते.

येथे आदामाविषयीचा श्रद्धाभेद रचनेत कसा उतरतो, हेही पाहण्यासारखे आहे. पतनाचा वारसा मानला नाही, तर पहिल्या पुराणाला दिशाच उरत नाही. क्रुसावरील मृत्यू मानला नाही, तर दुसऱ्या पुराणाचा उत्कर्षबिंदू नाहीसा होतो. 'ख्रिस्तपुराणा'तून कथा वेगळी काढून केवळ नीतिबोध शिल्लक ठेवता येत नाही, कारण ख्रिस्ती दृष्टीने कथा हाच बोध आहे.

याला पुढील काळातील एक पुरावा जोडता येईल. नारायण वामन टिळक यांनी इ.स. १८९५मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. प्रॉटेस्टंट परंपरेतील या कवीचा स्टीफन्सच्या कॅथलिक परंपरेशी थेट संबंध नव्हता. इ.स. १९१७मध्ये मिशनपासून वेगळे होऊन त्यांनी 'देवाचा दरबार' या स्वतंत्र भारतीय ख्रिस्ती मंडळाची कल्पना मांडली. अशा स्वतंत्र वृत्तीच्या कवीलाही अखेर 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध चरित्रकाव्यच लिहावेसे वाटले. ते लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे पूर्ण केले आणि इ.स. १९३८मध्ये प्रसिद्ध झाले. तीन शतकांच्या अंतराने, निराळ्या पंथात आणि निराळ्या राजवटीत, मराठी ख्रिस्ती महाकाव्य पुन्हा चरित्राकडेच वळले, हा योगायोग मानता येत नाही.

६. 'योगसंग्राम' : चरित्राचा त्याग आणि अंतरंगातील झुंज

'योगसंग्राम' उघडणाऱ्या वाचकाला असे केंद्रवर्ती चरित्र सापडत नाही. ग्रंथाचा विषय साधकाची झुंज हा आहे. मन, अहंकार आणि काम-क्रोधादी विकार हे शत्रू आहेत, विवेक आणि वैराग्य हे सहायक आहेत आणि गुरू वाट दाखविणारा आहे. दांभिक गुरू, रक्तबळी देणारी उपासना आणि बाह्य कर्मकांड यांवर शेख महंमद कठोर टीका करतात. ही टीका एकाच धर्माच्या लोकांपुरती मर्यादित नाही.

ग्रंथनामातील 'संग्राम' या शब्दाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. सूफी परंपरेत 'नफ्स' म्हणजे वासनाधीन स्व, आणि त्याच्याशी करावयाचा झगडा हाच थोर झगडा मानला गेला. तो 'जिहाद-ए-अकबर' या नावाने ओळखला जातो. यासंबंधी पैगंबरांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या वचनाच्या प्रामाण्याविषयी हदीसच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, परंतु सूफींच्या साधनामार्गात या कल्पनेचे स्थान निर्विवाद आहे. दुसऱ्या बाजूने नाथपंथी योग आणि वारकरी विवेक यांची परिभाषा शेख महंमदला मराठीतून सहज उपलब्ध होती. 'योग' हा एका परंपरेचा आणि 'संग्राम' हा दोन्ही परंपरांना ओळखीचा शब्द त्यांनी जोडला. या जोडणीला समन्वय म्हणणे सोपे आहे. तथापि तिच्या मुळाशी एक निश्चित इस्लामी आग्रह दिसतो. प्रत्येक जीव आपल्या कर्माला स्वतःच जबाबदार आहे, त्याची लढाई दुसरा कोणी लढू शकत नाही आणि गुरू हा मार्गदर्शक असला तरी तो पापाचे ओझे वाहणारा नव्हे.

स्टीफन्सच्या ग्रंथातील निर्णायक युद्ध क्रुसावर झालेले आहे आणि भक्ताने त्या विजयात सहभागी व्हावयाचे आहे. शेख महंमदच्या ग्रंथातील युद्ध अद्याप चालू आहे आणि ते वाचकाच्या आत चालू आहे. एक ग्रंथ श्रोत्याला घडलेल्या घटनेकडे नेतो, तर दुसरा त्याला स्वतःकडे वळवितो.

इतर मुसलमान मराठी कवींच्या रचनांवरूनही या निरीक्षणाला पुष्टी मिळते. अंबर हुसेन यांनी गीतेवर टीका लिहिली. शहा मुंतोजी यांच्या लेखनात वेदान्ताचे निरूपण आढळते. त्यांनी ईश्वराचे चरित्र लिहिण्याऐवजी भाष्य आणि निरूपण हे मार्ग निवडले.

७. नाम आणि परिभाषा

दोन्ही कवींपुढे शब्दांची अडचण सारखीच होती. मराठीतील प्रत्येक धार्मिक शब्दाला जुना अर्थ चिकटलेला होता. त्यांनी काढलेले मार्ग मात्र परस्परविरुद्ध आहेत.

स्टीफन्सने स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द निःसंकोचपणे वापरला. 'परमेश्वर', 'तारक', 'स्वामी' असे शब्द घेतले, ओवी घेतली आणि 'पुराण' ही संज्ञाही घेतली. परंतु जेझू आणि मरी ही नामे त्याने बदलली नाहीत. पवित्र आत्म्यासारख्या संकल्पनेसाठी पाश्चात्त्य संज्ञा तशीच ठेवली. जेथे स्थळ, गुण किंवा वाङ्मयप्रकार यांचा संबंध आहे, तेथे तो उदार आहे. जेथे व्यक्तीचा संबंध आहे, तेथे तो तसूभरही हलत नाही. इतिहासात एकदाच होऊन गेलेल्या व्यक्तीचे नाव भाषांतरित करता येत नाही, हे त्याच्या श्रद्धेशी सुसंगत आहे.

शेख महंमदने नेमके उलट केले. ते स्वतःला 'अविंध' म्हणवून घेतात आणि हृदयातील ईश्वराला गोविंद या नावाने ओळखतात. त्यांना नामाचा संकोच नाही. परंतु गोविंद म्हटल्यावर गोकुळातील लीलांचे कथन हा त्यांच्या ग्रंथाचा गाभा होत नाही. नाम उच्चारले जाते आणि त्याचा अर्थ निर्गुणाकडे नेला जातो. इब्न अरबी (इ.स. ११६५-१२४०) यांच्या विचारातून सूफींमध्ये रुजलेली अस्तित्वाच्या एकत्वाची कल्पना येथे साहाय्यभूत होते. ईश्वराला एकच रूप नाही, म्हणूनच त्याला अनेक नावे चालतात. थोडक्यात, स्टीफन्स परिभाषा घेतो पण नाम घेत नाही, आणि शेख महंमद नाम घेतात पण चरित्र घेत नाहीत.

'शब्दा'विषयीच्या भेदाचा परिणाम पुढील मराठी धर्मवाङ्मयावरही झाला. बायबलचे भाषांतर हे ख्रिस्ती दृष्टीने बायबलच असते. म्हणून विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने इ.स. १८०५मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि इ.स. १८११मध्ये नवा करार मराठीत छापला. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. यातून मराठीत ख्रिस्ती उपासनेची स्वतंत्र भाषा घडली. कुरआनचे भाषांतर हे मुस्लीम दृष्टीने अर्थाचे भाषांतर असते. नमाजातील पठण अरबीतच होते. धर्मचर्चेसाठी दखनी आणि पुढे उर्दू उपलब्ध होती. त्यामुळे मराठी मुसलमानांच्या घरातील मराठी आणि उपासनेची भाषा वेगळ्या राहिल्या. 'मुसलमान मराठीत कमी का लिहितात?' असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. त्याचे उत्तर भाषेविषयीच्या अनास्थेत न शोधता प्रकटीकरणाविषयीच्या श्रद्धेत आणि भाषांच्या या वाटणीत शोधले पाहिजे.

८. काही आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप असा की, निरूपणपर रचना ही केवळ मुसलमान कवींची नाही. 'विवेकसिंधू' आणि 'दासबोध' हे ग्रंथही चरित्रकथन करीत नाहीत, आणि निर्गुणाची उपासना नाथ व वेदान्त परंपरांतही आहे. हे मान्य करावे लागते. येथे इस्लामी श्रद्धेने नवे रूप निर्माण केले, असे म्हणावयाचे नाही. मराठीत चरित्र आणि निरूपण अशी दोन्ही दालने खुली होती. हिंदू कवी दोन्हींत वावरला. एकनाथांनी 'भावार्थरामायण'ही लिहिले आणि भागवतावर टीकाही लिहिली. ख्रिस्ती कवीला चरित्राचे दालन अपरिहार्य वाटले आणि मुसलमान कवीने निरूपणाचे दालन निवडले. श्रद्धेचा प्रभाव या निवडीत आहे.

दुसरा आक्षेप प्रातिनिधिकतेचा आहे. स्टीफन्स हा धर्मसंस्थेचा अधिकृत प्रवक्ता आहे. शेख महंमद तसे नाहीत, आणि अनेक सनातनी मुसलमानांना त्यांची भाषा रुचणार नाही. हा आक्षेपही योग्य आहे. म्हणूनच 'योगसंग्राम' वाचून इस्लाम समजला, असे मानू नये. परंतु देहधारणेच्या कल्पनेला स्थान न देणे, व्यक्तिगत जबाबदारीवर भर देणे आणि प्रतिमापूजेविषयी अस्वस्थता बाळगणे या बाबतींत ते इस्लामी श्रद्धेच्या कक्षेतच उभे आहेत. प्रतिमापूजेवर स्टीफन्सही टीका करतो, मात्र त्याच्या टीकेमागे देवळे पाडणारी सत्ता आहे. शेख महंमदची टीका भिन्नधर्मीय शेजाऱ्यांमध्ये राहून केलेली आहे. सारख्याच मताचे नैतिक वजन परिस्थितीनुसार बदलते, हे समीक्षेने विसरू नये. ज्या सत्तेने स्टीफन्सला आधार दिला, त्याच सत्तेने इ.स. १६८४मध्ये गोव्यातील स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला, हेही येथे ध्यानात घ्यावे.

तिसरा आक्षेप असा की, मुस्लीम परंपरेतही कथाकथन विपुल आहे. प्रेषितांच्या कथा आहेत आणि करबलाच्या घटनेवरील शोकगीते आहेत. या आक्षेपाचे उत्तर सांगली जिल्ह्यातच मिळते.

९. ग्रंथाबाहेरील प्रत्यय : कडेगाव आणि मिरज

कडेगावचा मोहरम तेथील गगनचुंबी ताबुतांसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे आणि त्यात हिंदूंचाही सक्रिय सहभाग असतो. इ.स. ६८०मध्ये करबला येथे झालेल्या इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचे ते स्मरण होय. ख्रिस्ती मंडळी उत्तम शुक्रवारी येशूच्या मरणाचे स्मरण करतात. निष्पापाचे मरण, तहान, विश्वासघात आणि आप्तांचा शोक या बाबतींत दोन्ही स्मरणांत विलक्षण साम्य आहे. तरीही दोहोंचा अर्थ भिन्न आहे. हुसेन यांचे मरण अन्यायापुढे न झुकण्याची साक्ष आहे. ते ईश्वराचे मरण नव्हे. येशूचे मरण ख्रिस्ती माणसाला सर्वांच्या पापांचे प्रायश्चित्त वाटते. म्हणजे इस्लामी परंपरेत कथा आहे, पण ती ईश्वराच्या प्रेषितांची आणि हुतात्म्यांची आहे. ईश्वराची चरित्रकथा तेथे नाही, आणि प्रस्तुत लेखाचे विधान एवढ्यापुरतेच मर्यादित आहे.

कुपवाडला लागून असलेल्या मिरजेत दुसरा प्रत्यय येतो. तेथील ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात सर्व धर्मांचे लोक नवस बोलतात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (मृत्यू इ.स. १९३७) यांची कबरही याच परिसरात आहे. त्याच मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी इ.स. १८९४मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनचे रुग्णालय स्थापन केले. दर्ग्यात वलीची मध्यस्थी मागितली जाते. अशी मध्यस्थी मागावी की नाही, याविषयी मुसलमानांमध्येच तीव्र मतभेद आहेत. संतांच्या मध्यस्थीविषयी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातही असेच मतभेद आहेत. स्टीफन्सच्या परंपरेला ती मान्य होती, पण वानलेस यांच्या परंपरेला ती मान्य नव्हती. यावरून असे दिसते की, मध्यस्थीच्या प्रश्नावर दोन धर्मांमधील रेषा पुसट होते आणि प्रत्येक धर्माच्या आत नवी रेषा उमटते. देहधारणेच्या प्रश्नावर मात्र दोन धर्मांमधील रेषा कायम राहते. कोणत्या प्रश्नावर कोणती रेषा ठळक होते, हे पाहणे म्हणजेच तुलना. 'सर्व धर्म सारखेच' हे विधान सद्भावनेचे असले, तरी ते या रेषा पाहू देत नाही.

१०. निष्कर्ष

१) 'ख्रिस्तपुराण' आणि 'योगसंग्राम' यांच्यातील रूपभेद हा श्रद्धाभेदाशी निगडित आहे. देहधारी ईश्वरावरील श्रद्धेला चरित्राची गरज भासते. देहातीत ईश्वरावरील श्रद्धा साधकाच्या अंतरंगाकडे वळते.

२) येशू आणि मरिया यांच्याविषयीचा आदर दोन्ही धर्मांत समान आहे. पुत्रत्व, क्रूस आणि आदामाच्या अपराधाचा वारसा यांविषयीच्या श्रद्धा मात्र परस्परविरोधी आहेत आणि त्यांचा ठसा ग्रंथरचनेवर उमटतो.

३) मराठीची धार्मिक परिभाषा दोन्ही कवींनी स्वीकारली. स्टीफन्सने नाम राखले आणि शेख महंमदने निर्गुण अर्थ राखला.

४) दोन्ही ग्रंथांचे मूल्यमापन करताना त्यांच्यामागील सत्तासंबंध विचारात घेणे आवश्यक आहे.

५) 'मराठीप्रेम' आणि 'समन्वय' या विशेषणांनी या ग्रंथांचे अध्यापन पूर्ण होत नाही. ते एकाच घटकात, एकमेकांशेजारी ठेवून शिकविले गेले पाहिजेत. ख्रिस्ती विद्यार्थ्याला येशू म्हणजे केवळ थोर पुरुष वाटत नाही आणि मुस्लीम विद्यार्थ्याला ईश्वराचे एकत्व ही केवळ एक कल्पना वाटत नाही. या गोष्टी वर्गात स्पष्टपणे आणि आदराने सांगता आल्या, तर सहिष्णुतेचा अर्थ विद्यार्थ्यांना अधिक नेमकेपणाने कळेल. भेद ठाऊक असूनही दोन्ही ग्रंथ आपलेच मानणे मराठी वाचकाला अशक्य नाही. दोहोंची ओवी त्याने चारशे वर्षे जपलेली आहे.